हॅलोविनच्या खाऊचा रंग दरवर्षी बिघडतो? रंग वाढवायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते, यातलं तुमच्याकडे काय होतंय ते बघा.

बीट घातलेलं कपकेकचं बॅटर छान गुलाबी असतं आणि ओव्हनमधून बाहेर येतं ते पिवळट तपकिरी. जांभळ्या कोबीच्या पाण्यात शिजवलेला भात निळसर राखाडी होतो. भोपळ्यासारखा केशरी दिसावा म्हणून ढोकळ्यात जास्तीची हळद घातली तर वर लाल ठिपके उठतात, कुणी कुंकू सांडल्यासारखे. हिरवा राक्षस म्हणून केलेला पालकाचा पास्ता अर्ध्या तासात शेवाळी. ब्लूबेरीच्या पॅनकेकला हिरव्या कडा. सूर्यफुलाच्या बियांच्या बटरच्या कुकीज रात्री नीट होत्या, सकाळी मोडली तर आतून हिरवीगार. काळं आयसिंग राखाडीच्या पुढे जातच नाही. आणि व्हाइट चॉकलेटमध्ये रंगाचे दोन थेंब टाकले की सगळं कणकेसारखं घट्ट.

मी न्यू जर्सीत एडिसनच्या जवळ राहते, मुलगी प्रीस्कूलला गेली त्या वर्षापासून, म्हणजे बारा वर्षं, आमच्याकडे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांचं पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे दारोदार खाऊ मागायला, निघायच्या आधी पोटात काहीतरी खरं अन्न जावं म्हणून. २०२४ ला तर दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, एका ओट्यावर चकल्या आणि दुसऱ्यावर भुताच्या आकाराच्या नारळाच्या वड्या. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त फोन येतात ते रंगाचे. दरवेळी पलीकडून एकच वाक्य असतं, अगं मी अजून बीट घातलं, अजून हळद घातली, तरी होत नाहीये. इथेच चुकतं, कारण दहातल्या आठ वेळा रंग कमी पडलेला नसतोच, तो आंबट, खार (आंबटाच्या उलट, सोड्यासारखं), उष्णता नाहीतर पाणी यांच्यापैकी कशानेतरी बदललेला असतो, आणि तुम्ही जे वरून घालताय तेही तसंच बदलणार आहे. म्हणून आधी तपासा, मग घाला.

सगळ्यात आधी, फुकटातलं: एक चमचा बाजूला काढा

अख्खं भांडं शिजवायच्या आधी चमचाभर बॅटर वाटीत घेऊन मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद फिरवा, इडली ढोकळा असेल तर एकच छोटी वाटी वाफवा. शिजल्यावर काय रंग येणार ते तिथेच थोडंफार कळतं. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही, आणि मग २४ कपकेक तपकिरी झाल्यावर फोन येतो.

तो नमुना बिघडला तर दुसरा चमचा घ्या आणि त्यात लिंबाचे दोन थेंब टाका. रंग परत उजळला तर तुमचं दुखणं खाराचं आहे, म्हणजे सोडा नाहीतर पाणी. नाही उजळला तर बहुतेक उष्णतेचं आहे, किंवा त्या पदार्थाला तो रंगच चालणारा नाही. या एका लिंबाने पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

मग सोड्याचा डबा

आपल्या घरात याचं सगळ्यात जुनं उदाहरण देवघरात असतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वापार असंच करत आले. ढोकळ्यात नेमकं तेच होतं, खायचा सोडा नीट मिसळला गेला नाही की जिथे त्याची गुठळी राहिली तिथल्या हळदीचं कुंकू होतं, तेच ते लाल ठिपके. खराब काही झालेलं नसतं, पण तिथे चवीला साबणासारखं लागतं. उपाय म्हणजे सोडा बेसनाबरोबर चाळून घ्या, हळद चिमूटभरच ठेवा, बॅटरमध्ये लिंबू किंवा आंबट ताक असू द्या. आणि केशरी रंग हवाच असेल तर हळदीकडून मागू नका, गाजर नाहीतर लाल भोपळा वाफवून वाटून घाला. त्यांच्या रंगाला सोडा, लिंबू, वाफ कशानेच फारसा फरक पडत नाही आणि तेलातुपात तर तो आणखी खुलतो. केशरीसाठी मी दुसरं काही वापरतच नाही आता.

बीटालाही सोडा अजिबात मानवत नाही. रेसिपीत बेकिंग सोडा असेल तर तो काढून बेकिंग पावडर घ्या, पाव चमचा सोड्याच्या जागी पाऊण चमचा पावडर, आणि दुधाऐवजी ताक किंवा दही.

सूर्यफुलाच्या कुकीजचं इथे फार होतं, कारण बऱ्याच शाळांत शेंगदाणा आणि नट्स चालत नाहीत म्हणून आया पीनट बटरच्या जागी सूर्यफुलाच्या बियांचं बटर घालतात आणि बाकी रेसिपी तीच ठेवतात. त्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड नावाचं द्रव्य असतं, सोड्याबरोबर ते हिरवं होतं आणि कुकी थंड होताना हिरवेपणा वाढत जातो. एका मैत्रिणीने बुरशी समजून सगळा डबा कचऱ्यात टाकला होता, मला फार वाईट वाटलं, त्या कुकीज पूर्ण चांगल्या होत्या. सोडा निम्मा करा, चमचाभर लिंबाचा रस घाला, हिरवेपणा बराच जातो. किंवा हॅलोविनला मुद्दाम तशाच ठेवा, मुलांना काहीच न सांगता डब्यात द्या, मोडल्यावर आतून हिरवी निघालेली कुकी त्यांना प्रचंड आवडते. खरी बुरशी मात्र वरून मऊ केसाळ दिसते आणि वास येतो, तिथे दया नको.

ब्लूबेरीच्या हिरव्या कडाही यातल्याच. सोडा कमी, ताक जास्त, आणि ब्लूबेरी बॅटरमध्ये ढवळण्याऐवजी पॅनकेक तव्यावर टाकल्यावर वरून पेरा.

पाणी आणि कोबी

जांभळ्या कोबीचा भात निळा का होतो हे कळायला मला दोन वर्षं लागली होती, कारण मी त्यात सोडा घातलाच नव्हता. नंतर लक्षात आलं की नळाचं पाणीच जरा खाराकडे झुकलेलं असू शकतं, पाइप गंजू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी तसं मुद्दाम ठेवतात, आणि कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य इतकं हळवं की तेवढ्यानेही ते निळ्याकडे वळतं. बाटलीतलं पाणी आणायची गरज नाही, भात शिजवताना पाण्यात अर्धा चमचा लिंबू किंवा व्हिनेगर घाला, जांभळा जांभळाच राहतो. जास्त पडलं तर गुलाबी होईल, म्हणून थेंबाथेंबाने घाला.

हे एकदा हाताला बसलं की मजा मुलांनाच करू द्या. अर्धा कोबी चिरून दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, चार वाट्यांत ओता. एकीत काही नको, एकीत लिंबू, एकीत चिमटीच्याही चिमटीइतका सोडा, एकीत त्याहून थोडा जास्त. जांभळा, गुलाबी, निळा, हिरवा. चेटकिणीची कढई म्हणून टेबलावर ठेवा, माझी मुलगी आता हायस्कूलला आहे तरी अजून हेच आधी करते. फक्त दहा मिनिटांच्या वर उकळू नका, कोबीचा उग्र वास वाढत जातो आणि मग तो भातात उतरतो.

आच, झाकण आणि वेळ

पालकाचं गणित कोबीच्या उलट. त्याच्या हिरव्या रंगाला आंबट चालत नाही. पालक शिजताना त्याच्यातूनच थोडी आम्लं बाहेर पडतात, झाकण असलं की ती वाफेबरोबर जायच्याऐवजी परत भांड्यात टपकतात आणि रंग शेवाळी होतो. म्हणून मोठ्या भांड्यात भरपूर पाणी खळखळून उकळा, झाकण न ठेवता पालक एक मिनिट टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात. वाटून घ्या, आणि लिंबू, टोमॅटो, चीज जे काही आंबट आहे ते पानात वाढताना. चिमूटभर सोडा घातला की पालक हिरवागार राहतो हे खरं आहे, काही हॉटेलांत करतात, पण पानं गिळगिळीत होतात आणि जीवनसत्त्वंही जातात, मी करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

बीटाचं मात्र मला स्पष्ट सांगायचंय. अर्धा तास ओव्हनमध्ये राहणारा बीटाचा केक चटक गुलाबी येत नाही. लिंबू घाला, ताक घाला, थोडा फरक पडेल, पण बीटाचा रंग उष्णतेने तुटतो आणि एवढ्या उष्णतेपुढे त्याचं काही चालत नाही. इंटरनेटवरच्या त्या फोटोंवर जाऊन दरवर्षी रडू नका. बीट तिथे वापरा जिथे आच कमी आहे. क्रीम चीजच्या फ्रॉस्टिंगमध्ये बीटाची पावडर घाला, ते मुळात आंबट असतं आणि शिजवायचं नसतं, सुंदर रंग येतो. दह्यातली बीटाची कोशिंबीर वाटून घेतली की झालं व्हॅम्पायरचं रक्त, त्यात मोमोज बुडवा नाहीतर ब्रेडस्टिक. इडलीत बीट बऱ्यापैकी टिकतं कारण पीठ आंबलेलं असतं आणि वाफ दहा मिनिटांचीच, छोट्या साच्यात करा म्हणजे लवकर होतात, आणि गरम स्टँडवर ठेवून विसरू नका.

अंड्याचे डोळे करत असाल तर बलकाभोवती हिरवट कडं येतं तेही जास्त शिजवल्यामुळेच, अंड्यातलं गंधक आणि लोह एकत्र येऊन. १० मिनिटं उकळा, लगेच बर्फाच्या पाण्यात.

भांडं

लोखंडी कढई किंवा बीडाचा तवा बाकी सगळ्यासाठी उत्तम, पण कोबी आणि ब्लूबेरीला लोखंड लागलं की रंग काळपट निळा होतो. स्टील किंवा नॉनस्टिक घ्या. घरात असतंच, खर्च काही नाही, पण लक्षात येत नाही.

भोपळा, कारण सणच त्याचा आहे

आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा लावायचे, तिथली माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना इथे हा मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दुकानाबाहेर जे ढीग असतात ते भोपळे कोरण्यासाठीच असतात, मोठे, पाणचट, दोऱ्यादोऱ्यांचे, रंगाला फिके. त्याचे घारगे केले आणि फिके झाले म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारते कुठला आणलास. छोटा शुगर पम्पकिन घ्या, बटरनट स्क्वॉश घ्या, किंवा इंडियन ग्रोसरीतली लाल भोपळ्याची फोड. टिनचा चालतो, ४२५ ग्रॅमचा डबा येतो, फक्त त्यावर पम्पकिन पाय फिलिंग लिहिलेलं नको, त्यात आधीच साखर आणि मसाले असतात. गर ओला वाटला तर फडक्यात तासभर टांगा नाहीतर पॅनमध्ये परतून आटवा. ओला गर म्हणजे जास्त पीठ आणि जास्त पीठ म्हणजे फिका रंग, सरळ हिशोब आहे.

घारगे उलट काळपट होत असतील तर कारण गूळ आणि आच. गडद गुळाच्या जागी पिवळा घ्या, एक कप गराला अर्धा कप पुरे, मावेल तेवढी कणीक, दोन चमचे तांदळाचं पीठ, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, वेलची. मध्यम आचेवर तळा. थापल्यावर बाटलीच्या झाकणाने आणि सुरीने डोळे तोंड कापा, भोकं असल्यामुळे ते फुगत नाहीत, पण कडा खुसखुशीत होतात आणि तोच आमच्या टेबलावरचा सगळ्यात आधी संपणारा पदार्थ आहे. माझ्या सासूबाई आल्या होत्या त्या वर्षी त्यांनी एकटीने साठ घारग्यांना डोळे कापले.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कोरून बाहेर पायरीवर ठेवलेला भोपळा परत स्वयंपाकात घ्यायचा नाही. आणि भोपळा शिजवायच्या आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि सगळा टाकून द्या. कडू दुधी जसा विषारी तसाच हाही, गूळ घालून कडूपणा लपवला तरी आतलं विष जात नाही.

इथून पुढे थोडा खर्च आहे: चॉकलेट आणि काळा रंग

व्हाइट चॉकलेट घट्ट झालं म्हणजे त्यात पाणी गेलं, साधे पातळ रंग पाण्यातले असतात. चॉकलेटला तेलातला रंग लागतो, बाटलीवर कँडी कलर असं असतं, तो आणा. भांडं आणि चमचा पण कोरडे ठक्क हवेत, वाफेचा एक थेंब पुरतो. बिघडलेलं चॉकलेट टाकू नका, त्यात चमचा चमचा गरम क्रीम घालून ढवळत राहा, परत मऊ होतं, बुडवायला चालत नाही पण केकवर ओतायला छान. आणि फ्रिजमधला रंग गरम चॉकलेटमध्ये थेट घालू नका, बाटली आधी हाताच्या उबेत धरा.

काळ्या आयसिंगसाठी पांढऱ्यात काळा जेल रंग ओतत बसलात तर अर्धी ट्यूब संपेल, मुलांची जीभ काळी होईल आणि चव कडू. चॉकलेटच्या आयसिंगपासून सुरुवात करा, त्यात ब्लॅक कोको, म्हणजे जवळजवळ काळी कोको पावडर घाला, मग जेल अगदी थोडा, आणि झाकून रात्रभर ठेवा. जेलचा रंग ठेवल्यावर गडद होत जातो, म्हणून संध्याकाळी जे राखाडी वाटतं ते सकाळी काळं दिसतं. जुन्या ट्यूबा घरात असतील तर नावं वाचा, रेड ३ या कृत्रिम लाल रंगाची परवानगी इथल्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली आहे, कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे, मी माझ्याकडची तेव्हाच टाकून दिली.

ॲक्टिव्हेटेड चारकोल घालून काळं करायचे व्हिडिओ दिसतील, ते नका करू. तो औषधं शोषून घेतो, घरात कुणी थायरॉइडची, बीपीची, कुठलीही गोळी घेत असेल तर ती नीट लागू न पडण्याची शक्यता असते. न्यू यॉर्क शहरात रेस्टॉरंटना २०१८ मध्ये तो वापरायला मनाई झाली. काळे तीळ वाटून घ्या, लाडू करा, तो काळा रंग आपला ओळखीचा आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

तिळाचं नाव आलं म्हणून आधी हेच. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हे नववं मोठं ॲलर्जन म्हणून पाकिटावर लिहावंच लागतं, आपल्या चटण्या लाडवांत तो सगळीकडे असतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही. दुसऱ्याच्या मुलाला देताना प्रत्येक डब्यावर काय काय आहे ते लिहा. दारात निळसर हिरवा टील भोपळा ठेवलेला असेल तर तिथे खाऊऐवजी खेळणी मिळतात, ॲलर्जीच्या मुलांसाठी. शाळेत न्यायचं असेल तर आधी टीचरला विचारा, बऱ्याच वर्गांत फक्त लेबल असलेला पॅक खाऊ घेतात. खाल्ल्यावर कुणाच्या ओठांना सूज आली, श्वास लागला तर घरगुती उपाय नको, डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं इंजेक्शन असेल ते द्या आणि ९११ ला फोन करा.

ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, धूर घरच्या पार्टीत मी करत नाही. उणे ७८ अंश असतो तो, मुलाने तुकडा तोंडात घातला तर तोंड, घसा जळतो, बंद खोलीत हवा कोंडते. कॅटररला करायचं असेल तर त्याला करू दे, मुलांच्या ग्लासात मात्र एकही तुकडा नको. काहीही चुकीचं पोटात गेलं असं वाटलं तर पॉइझन कंट्रोलचा, म्हणजे अमेरिकेतल्या विषबाधेच्या हेल्पलाइनचा, नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट, फ्रिजवर लावून ठेवा.

तीन मजली काळा केक, पन्नास माणसं, आणि उद्या पार्टी असेल, आणि दोनदा चमच्याचा नमुना घेऊनही रंग जमत नसेल तर तिसऱ्यांदा करू नका, बेकरला फोन लावा. न्यू जर्सीत २०२१ पासून घरून केक विकायला परवाना मिळतो, त्यामुळे आता आपल्यातल्याच कितीतरी जणी व्यवस्थित परवाना घेऊन करतात.

आणि १ नोव्हेंबरच्या सकाळचा फोन, तो दरवर्षी येतोच. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी लाल होते, काळ्या आयसिंगने शी हिरवी होते, मूल खेळतंय, ताप नाही, दुखत नाही, तर एक दोन दिवस पाणी जास्त द्या आणि बघा. बीट खाल्लंच नसेल तरी लघवी लाल दिसली, किंवा दोन दिवसांनंतरही दिसते आहे, तर पेडियाट्रिशियनला त्याच दिवशी फोन करा आणि काय काय खाल्लं त्याची यादी जवळ ठेवा.